एका गुणाचा विजय आणि पुढचे आठ दिवस

मैत्रिणींनो, गणपती गेले, मखर माळ्यावर चढलं, आणि आमच्या घरी दरवर्षीप्रमाणे दुसरा उत्सव सुरू झाला. धाकटीच्या कॉलेजच्या सामन्यांचा. ती बास्केटबॉल खेळते. आमच्या अलिबागेत मुलगी खेळते म्हटलं की समोरची बाई आधी ‘कबड्डी का हो?’ असंच विचारते, आणि त्यात तिची काही चूक नाही. पेण-रोह्यापासून खाली मुरुड-श्रीवर्धनपर्यंत आपल्याकडे कबड्डीचंच वेड. माती असली आणि रेघा मारल्या की झालं. बास्केटबॉलला सिमेंटचं मैदान लागतं, दोन खांब लागतात, दहा फुटांवर रिंग लागते. (ही दहा फुटं कुठून आली ठाऊक आहे? १८९१ मध्ये अमेरिकेत नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी हा खेळ काढला, तेव्हा त्यांनी फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता! पुढच्याच वर्षी मुली हा खेळ खेळायला लागल्या.)

तर त्या शनिवारी दिवेलागणीला धाकटी दारातूनच ओरडत आली, “आई, जिंकलो! एका पॉइंटने!” पाठोपाठ तिची मैत्रीण. ४१-४०. आमचे हे तसेच चप्पल पायात सरकवून पेढे आणायला गेले. मी पोहे टाकले. पांढऱ्या कांद्याच्या माळेतले शेवटचे चार कांदे राखून ठेवले होते, तेही सढळ हाताने चिरले. बाहेर धाकटीची बडबड चालू, मोबाइलवर फोटो, त्यावर कोणाकोणाचे निरोप. मैत्रीण मात्र बशी हातात घेऊन नुसती बसली होती. पोहे गार झाले.

थोड्या वेळाने ती बशी ठेवायला स्वयंपाकघरात आली आणि ओट्यापाशीच उभी राहिली. म्हणाली, “काकू, शेवटी दोन फ्री थ्रो माझ्याकडे होते. दोन्ही चुकले. ते गेले असते तर प्रश्नच नव्हता.” मी म्हटलं, “अगं, पण जिंकलात ना?” त्यावर ती जे बोलली ते ऐकून माझा हात नळाखालीच राहिला. “हरलो असतो तर उद्यापासून माझं बंद होतं. बाबांनी सांगून ठेवलंय, ज्या दिवशी बाहेर पडाल त्या दिवशी बूट माळ्यावर. आता निदान पुढच्या सामन्यापर्यंत तरी जाता येईल.”

पुढचा सामना आठ दिवसांवर होता. म्हणजे आम्ही ज्याचे पेढे खात होतो, तो एक गुण त्या पोरीच्या हिशेबी आठ दिवसांचा होता. मुलग्यांच्या संघात असा हिशेब कोणाला करावा लागत नाही. मुलींच्या कॉलेज-संघात बाराजणींपैकी दोघी-तिघींच्या मागे तरी हे असतंच. कोणाच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झालेली असते, कोणाला संध्याकाळची एस.टी. चुकली तर घरी उत्तर द्यावं लागतं, कोणाची आई कामावर जाते म्हणून धाकट्या भावंडांचं हिच्याकडे असतं. जिंकलं की परवानगी आणखी एका फेरीपुरती वाढते. विजय बारा गुणांचा असो की एकाचा, परवानगी तेवढीच मिळते.

पण मग या आठ दिवसांचं करायचं काय? मला वाटतं, निसटत्या विजयाचं खरं मोल इथेच ठरतं.

मी पतपेढीत वीस वर्षं खातेवह्या लिहिल्या. शिलकीला एक रुपया उरला म्हणून खुशीत वही मिटणारी कारकून मी कधीच नव्हते. रविवारी जेवणं झाली, झाकपाक झाली, आणि मी दोघींना ओटीवर बसवलं. धाकटीच्या मोबाइलमध्ये गुणपत्रिकेचा फोटो होता. जुनी वही काढली आणि म्हटलं, “चला, जमाखर्च मांडू.” धाकटीने तोंड वाकडं केलं. “जिंकलोय ना आता!” पण बसली. हरून आली असती तर बसली नसती, हे मी लिहून देते. गेल्या वर्षी हरल्या तेव्हा दोन दिवस खोलीचं दार बंद होतं, आणि चूक पंचांची, मैदानाची, पावसाची, सगळ्यांची होती. दणदणीत जिंकून आली असती तरीही बसली नसती, कारण मग बघायचं तरी काय? एका गुणाने जिंकलेली मुलगी मात्र ऐकते. तिला आपली चूक दिसते, आणि ती चूक बोलून दाखवण्याइतकी ती खुशीतही असते. हे दोन्ही एका वेळी क्वचितच जुळतं.

वहीत काय निघालं? तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी आमच्या मुली ३६-२४ ने पुढे होत्या. हा खेळ दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत खेळतात. शेवटच्या दहा मिनिटांत आमचे गुण पाच, त्यांचे सोळा. फ्री थ्रो सतरा मिळाले, गेले सहा.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रिंगमध्ये चेंडू टाकताना कोणी आडदांडपणा केला, की त्या मुलीला फळ्यापासून पंधराएक फुटांवरच्या रेघेवर उभं करतात. समोर आडवं कोणी नाही, हाताला धरायला कोणी नाही. ती, चेंडू आणि रिंग. बास्केट गेली की एक गुण. सतरापैकी नऊ गेले असते तरी सामना ४४-४० झाला असता आणि माझे पोहे गार झाले नसते. मैत्रिणीचे शेवटचे दोन चुकले म्हणून ती रडवेली झाली होती, पण वहीत तिच्या दोनांच्या आधी बाकीच्यांचे नऊ चुकलेले होते. त्यात आमच्या धाकटीचे तीन! हे पाहिल्यावर मैत्रिणीचा चेहरा जरा सैल झाला. शेवटची चूक सगळ्यांच्या लक्षात राहते, आधीच्या कोणी मोजत नाही.

दुसरी गोष्ट फाउलची. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तिला बाहेर बसावं लागतं. धाकटीचा पाचवा शेवटच्या क्वार्टरमध्ये झाला. का झाला? पाय दमले की मुलगी पायाने पुढे जात नाही, हात पुढे करते. हात लागला की शिट्टी. आणि पाय दमले, कारण सुरुवातीच्या पाचजणीच जवळजवळ सगळा वेळ मैदानावर होत्या. बाकावर सातजणी बसून टाळ्या वाजवत होत्या.

आणि इथेच मला त्या सामन्यातली सगळ्यात चांगली गोष्ट सापडली. धाकटी बाहेर गेली म्हणून पहिल्या वर्षाच्या एका मुलीला नाइलाजाने आत घातलं. चार मिनिटं खेळली. गुण एकही नाही, म्हणून तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं. पण “तिच्या हातून चेंडू किती वेळा गेला?” असं मी विचारलं तेव्हा दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. एकदाही गेला नव्हता. सामना हातातून सुटत असताना, घरच्यांसमोर पहिल्यांदाच खेळणाऱ्या पोरीने चार मिनिटं चेंडू सांभाळला. वीस गुणांनी जिंकल्या असत्या तर तिला शेवटची दोन मिनिटं प्रसादासारखी मिळाली असती आणि त्यातून कोणालाच काही कळलं नसतं. अडचणीच्या चार मिनिटांनी संघाला सहावी खेळाडू मिळाली.

एका गुणाचे सगळेच विजय सारखे नसतात, हेही मुलींना सांगावं लागलं. मागून येऊन एका गुणाने जिंकणं वेगळं. त्यात पाय शेवटपर्यंत चालतात आणि डोकं थंड राहतं. बाराची आघाडी घालवून एकावर येणं वेगळं. आमचा दुसऱ्या प्रकारचा. धाकटी म्हणाली, “म्हणजे आम्ही हरलोच म्हण ना!” तसं मुळीच नाही. मग मी तिला आपल्या कबड्डीच्या मुलींची गोष्ट सांगितली.

२०१८ मध्ये जाकार्ताच्या आशियाई खेळांत आपल्या मुली अंतिम सामन्यात इराणकडून २७-२४ ने हरल्या. २०१० आणि २०१४ ची दोन्ही सुवर्णपदकं आपली, आणि तिसऱ्या वेळी तीन गुणांनी गेलं. पुढचे खेळ चीनमध्ये हांगझोऊला, २०२३ मध्ये झाले. संघात महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि स्नेहल शिंदे होत्या. पहिलाच सामना चायनीज तैपेईशी, आणि तो सुटला ३४-३४ असा बरोबरीत! ज्यांना आपण सहज हरवू असं सगळे धरून चालले होते, त्यांनी बरोबरीत रोखलं. पुढचे सामने आपण मोठ्या फरकाने जिंकलो, उपांत्य फेरीत नेपाळला ६१-१७ ने. पण ७ ऑक्टोबरला अंतिम फेरीत पुन्हा समोर तैपेईच. मध्यंतराला आपण १४-९ ने पुढे. दुसऱ्या डावात त्या पुन्हा चढल्या, आणि सामना संपला २६-२५ असा. एका गुणाने सुवर्ण. त्या खेळांतलं भारताचं ते शंभरावं पदक.

मध्यंतरानंतरचेच गुण मोजले तर आपले बारा आणि त्यांचे सोळा. म्हणजे आघाडी त्यांनीही घालवलीच होती की! फरक एवढाच, की शेवटचा एक गुण हातचा जाऊ दिला नाही. नेपाळविरुद्धच्या चव्वेचाळीस गुणांच्या विजयाने असं सांभाळणं शिकवलं असेल असं मला वाटत नाही. पहिल्या दिवसाच्या ३४-३४ ने नक्की शिकवलं असणार.

बास्केटबॉलमध्येही अगदी असाच एक निसटता विजय आपल्या नावावर आहे, आणि त्याची पुढची कहाणी मला जास्त शिकवून जाते. २०१७ मध्ये महिलांच्या आशिया चषकाचे दोन गट होते, वरचा आणि खालचा. आपण खालच्या गटात. स्पर्धा बंगळूरला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ ने हरवलं. दोन गुण, म्हणजे एक बास्केट. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. त्या एका बास्केटने आपण वरच्या गटात गेलो.

वर गेल्यावर काय झालं? २०१९ मध्ये त्याच बंगळूरला वरच्या गटाची स्पर्धा झाली. समोर जपान, कोरिया, चायनीज तैपेई. आपला संघ आठांत आठवा आला. पेपरवाल्यांनी काय लिहायचं ते लिहिलं. पण ज्या जपानशी आपल्या मुली तेव्हा खेळल्या, त्याच जपानच्या मुलींनी २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेतलं. अशा संघासमोर उभं राहायचा हक्क त्या दोन गुणांनी मिळवून दिला होता. दोन गुणांनी हरल्या असत्या तर खालीच राहिल्या असत्या. निसटत्या विजयाचं बक्षीस म्हणजे बहुतेकदा आपल्यापेक्षा तगडी समोरची टीम. ते बक्षीस गोड लागतंच असं नाही.

आता एक कडू गोष्ट. शनिवारी शेवटच्या क्षणी समोरच्या मुलीने टाकलेला चेंडू रिंगवर फिरून बाहेर पडला. आत पडला असता तर? आमच्या मुलींनी त्या क्षणी काही विशेष केलं नव्हतं. ज्यांनी खेळांचे वर्षानुवर्षांचे आकडे मांडले आहेत, ते सांगतात की किती सामने जिंकले यापेक्षा एकूण किती गुणांच्या फरकाने जिंकले-हरले, यावरून संघाचा पुढचा अंदाज जास्त बरोबर येतो. एक-दोन गुणांनी जिंकत राहणारा संघ पुढे तसाच जिंकत राहील असं धरून चालू नये. दैवाने या खेपेला उधार दिलं, एवढंच. हे सांगितल्यावर दोघी गप्प झाल्या. मग मैत्रीण म्हणाली, “काकू, फेडायला आठ दिवस आहेत.” पोरगी हुशार आहे.

आठ दिवस त्यांनी काय केलं ते थोडक्यात सांगते. सरांशी दोघीच जाऊन बोलल्या. वही दाखवली नाही, ते बरं केलं. कोणत्याही सरांना खेळाडूच्या आईची वही आवडणार नाही. एवढंच विचारलं की सराव संपल्यावर, पाय दमलेले असताना, प्रत्येकीने दहा फ्री थ्रो टाकले तर चालेल का? सकाळी ताज्या पायांनी टाकलेले सगळ्यांचेच जातात. सर म्हणाले टाका. पहिल्या वर्षाच्या त्या मुलीला रोज पाचजणींबरोबर उभं केलं. आणि आमच्या वाडीतल्या एका माडाला ह्यांनी लोखंडी कडं ठोकलं, तिथे संध्याकाळी धाकटी आणि मैत्रीण. मी पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत मोजायची. पहिल्या दिवशी दहात चार. सहाव्या दिवशी दहात सात.

घरच्या बायकांनी काय करावं, असं तुम्ही विचाराल. माझा अनुभव सांगते. सामन्याच्या संध्याकाळी काहीही विचारू नये. ‘एकच गुण? म्हणजे थोडक्यात वाचलात!’ हे तर नकोच, आणि ‘जिंकलात ना, मग झालं तर!’ हेही नको. आधी पोटात जाऊ द्यावं. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत मुलींचा घाम भांडंभर निघतो, तेव्हा आल्याआल्या चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं कोकमाचं सरबत, मग तासाभरात भात-आमटी किंवा तांदळाची भाकरी आणि जे काही कालवण असेल ते. सामन्याच्या दिवशी मात्र तळलेलं नको, आणि जेवण खेळायच्या तीन तास आधी. पाय मुरगळला असेल तर लगेच गरम तेलाने रगडायला बसू नका. आपल्या आजीबाई तेच करायच्या, पण पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून लावायचा, पट्टी बांधायची आणि पाय उशीवर. टेकवता येत नसेल तर डॉक्टर. बाकी चुकांचं बोलणं दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, आणि मुलगी बसायला तयार असेल तरच.

मी आणखी एक काम केलं. मैत्रिणीच्या आईला फोन केला. रेवदंड्याच्या बाजूला राहतात, ओळख तशी येता-जाता एस.टी. स्टँडवरची. त्या म्हणाल्या, “ताई, मला खेळातलं काही कळत नाही. ह्यांना एवढंच दिसतं की पोरगी काळोख पडल्यावर घरी येते.” मी त्यांना फ्री थ्रोचं काही सांगितलं नाही. म्हटलं, “तुम्ही दोघं सामन्याला या. बघा एकदा.” मुलीच्या वडिलांनी तिला कधी खेळताना पाहिलंच नव्हतं, तीन वर्षांत एकदाही नाही! घरात निकाल तेवढा पोचायचा, जिंकलो किंवा हरलो. ज्याला निकालच कळतो, त्याला हरल्यावर खेळ बंद करणं सोपं जातं.

पुढच्या रविवारी पहाटेच्या एस.टी.ने मुली पेणवरून मुंबईला गेल्या. वडखळला नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या, त्यामुळे पोचल्या त्या धावतपळत. आम्ही मागच्या गाडीने. मैत्रिणीचे आईवडील आले होते, वडील आमच्या ह्यांच्या शेजारी हाताची घडी घालून बसले. समोरचा संघ मुंबईचा, मुली उंच, बूट सगळ्यांचे एकसारखे.

आमच्या मुली हरल्या. ५२-४६. पण शेवटच्या क्वार्टरमध्ये आमचे तेरा आणि त्यांचे अकरा. फ्री थ्रो पंधरापैकी अकरा, त्यात मैत्रिणीचे चारपैकी चार. धाकटीचे फाउल तीनच. पहिल्या वर्षाची ती मुलगी अर्धा सामना मैदानावर होती आणि तिने सहा गुण केले. तिसऱ्या फ्री थ्रोला मैत्रीण रेघेवर उभी राहिली, तेव्हा तिच्या वडिलांनी घडी सोडून दोन्ही हात गुडघ्यावर ठेवलेले मी पाहिले. चौथा गेला तेव्हा ते आमच्या ह्यांना म्हणाले, “एवढ्या लांबून टाकते होय!”

परतीच्या एस.टी.त ते फारसं बोलले नाहीत. पेण आल्यावर सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि मुलीला विचारलं, “हे बूट किती वर्षांचे?” दोन वर्षांचे होते, तळवा गुळगुळीत झालेला. “मग घसरशील ना,” एवढंच म्हणाले. बूट माळ्यावर गेल्याचं अजून तरी कानावर आलेलं नाही. स्थळ बघायचं मात्र दिवाळीनंतर आहेच, त्याचं काय होतं ते कळवीन.

जाता जाता, उरणच्या एका वाचक भगिनीने मुलीच्या जर्सीला धुऊनही वास येतो म्हणून विचारलं आहे. घामाची जर्सी तशीच पिशवीत ठेवू देऊ नका, आल्याबरोबर उलटी करून वाऱ्यावर टाका. बादलीभर गार पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीच्या पावडरने धुवा. गरम पाणी नको, आणि पाठीवरच्या आकड्यावर इस्त्री मुळीच फिरवू नका, आकडा इस्त्रीलाच चिकटून येतो. पावसात भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, दर चार तासांनी बदला. उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवलेत तर तळवा सुटेल.